गुरुसिद्धप्पा वस्ताद यांची चिनी पटावरील स्वारी

श्रीसिद्धरामेश्वराचे पायी मस्तक ठेवोन आणि लाल मातीचा टिळा लावोन लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे, कालयुक्त नाम संवत्सरी, आषाढ सरता सरता सोलापूर शहरी जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीगत लोक चहाच्या टपरीवर भलतीच सांगतात. कोणी म्हणे वस्ताद हरले, कोणी म्हणे पडदा फाटला. खोट्याच्या कपाळी गोटा. सबब खरे वर्तमान लिहून ठेविले पाहिजे.

मल्लविद्याधुरंधर, मिशांचे वंशपरंपरा इनामदार, राजमान्य गुरुसिद्धप्पा वस्ताद यांची तालीम म्हणजे शहरातील एक बळकट ठाणे. वस्तादांस हसताना कोणी पाहिले नव्हते; हसल्याने दम जातो ऐसा त्यांचा सिद्धांत. नागपंचमीपूर्वी कुस्तीचा हौदा खणावा, माती चाळावी, तीत तेल, ताक, हळद आणि लिंबू घालावे, मग पंचमीस पूजा करोन जोड लावावी, हा रिवाज गुरूच्या गुरूपासून चालत आला. आणि ज्या साली हौदा पुजला जाणार नाही, त्या साली तालमीस कुलूप घालावे, ऐसी गुरूची शपथ होती.

तों चौकातील टॉकीजात कुंगफूचा चिनी पट दाखल जाहला. पट जुन्या काळचा, लांब वेण्यांचा, मारामारीचा आणि वर हसवणुकीचा. भाषा कोणासच न कळणारी. परंतु ह्यातच गनिमाचे कसब. मराठी पट असता कन्नड म्हातारी विचारी काय म्हणाला, हिंदी असता तेलुगू मावशी विचारी. येथे मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अवघे सारखेच अडाणी, म्हणोन अवघे एकदमच हसत. आणि नायक म्हणावा तर ना देखणा ना शूर. अर्धा पट मार खातो, घसरतो, उठतो आणि पुन्हा मार खातो. गिरणीत पाळीभर मुकादमाची बोलणी खाऊन आलेल्या मनुष्यास तो घरचा वाटला, यात नवल ते काय.

मग तालमीचे पठ्ठे एकेक करोन फितूर जाहले. खासा पठ्ठा तिप्पण्णा, गिरणीत सुताची गाठोडी लीलया उचलणारा, याने पटातील नायकाची नक्कल करोन व्यायामाच्या मुद्गलास लाथ मारिली आणि अंगठा सुजवोन घेतला. वस्तादांनी फर्मान काढिले की जे, लाथ हा गाढवाचा हुन्नर आहे, पट पाहील त्याचा लंगोट खुंटीवरून उतरेल. दुसरे दिवशी पाहतात तो अवघ्या खुंट्या रिकाम्या.

पंचमी तोंडावर आली आणि वस्ताद एकटेच माती चाळू लागले. मोठी चाळण दोघांनी धरावयाची. एका अंगास वस्ताद, दुसऱ्या अंगास भिंत. हे त्यांच्या कुटुंबाने, नागव्वाबाईसाहेबांनी, पाहिले. परंतु रडणे त्यांच्या घराण्यात नाही, म्हणोन त्या गरजल्या, “न बघताच शिव्या द्यायलाय व्हय? एकदा जाऊन बघा तरी की, काय हाय तितं!” वस्तादांनी हा हुकूम मसलत म्हणोन मंजूर केला.

मग फेटा चढवोन आणि काठी घेवोन दुपारचे खेळास कूच केले. इरादा ऐसा की पठ्ठ्यांस कान धरोन ओढावे आणि टॉकीज बंद पाडावे. दारवानाने तिकीट मागितले. वस्तादांनी मिशीस पीळ दिला. दारवान बधला नाही. अखेर तह ठरला की काठी दारात ठेवावी आणि तिकीट काढावे. आत फेटा शिरताच मागील बाकांवरील पठ्ठे बाकांखाली दडले आणि वस्ताद अंधारात पुढे जाऊन बसले.

पडद्यावर एक म्हातारा गुरू होता, मळका आणि तिरसट. त्याने नायकास विद्या न देता तांदूळ चाळावयास बसविले. नायक कुरकुरला, तों अंधारातून डरकाळी उठली, “बरुबर हाय! आधी चाळायला लावा त्याला!” बाकांखाली पठ्ठ्यांस घाम फुटला. मग नायकाचे हातून चाळण निसटली आणि भुशासकट गुरूचे टकलावर बसली, आणि वस्ताद हसले. प्रथम खोकल्यासारखे, मग पोट धरोन, मग डोळ्यांस उपरणे लावोन. पठ्ठ्यांनी हा आवाज जन्मात ऐकिला नव्हता. तिप्पण्णाने बाकाखालून डोके वर काढिले.

मग पटाचे शेवटी दुष्टाने म्हातारा गुरू लोळविला आणि नायकाने चाळण फिरविण्याच्याच हाताने दुष्टास गरगर फिरवोन चीत केले. जत्रेच्या फडात कुस्ती मारिली की वस्तादाने फेटा उतरोन जेत्यास बांधावा, हा रिवाज. वस्तादांचे भान गेले. ते उठले, पडद्यापाशी गेले आणि स्वहस्ते फेटा उतरोन नायकाचे मस्तकी बांधावयास हात उंचाविला. हातास कापड लागले. दिवे लागले. अवघे टॉकीज पाहत होते, आणि वस्ताद बोडक्या डोक्याने उभे होते. कोणी हसला असता तर तालीम तेथेच संपली असती.

तों तिप्पण्णा लंगडत पुढे आला आणि पायांवर डोके ठेवोन बोलिला, “वस्ताद, माती चाळायची ऱ्हायलीया न्हवं? चला की.” मागून अवघे पठ्ठे बाकांखालून निघाले. वस्तादांचा हात फेट्यासकट त्याचे डोक्यावर क्षणभर थांबला. मग फेटा मागे घेवोन हुकूम जाहला, “ह्यो अजून न्हाय. आधी चाळ.”

येणेप्रमाणे माती चाळली गेली, पंचमीस हौदा पुजला, गुरूची शपथ राहिली आणि वस्तादांची फत्ते जाहली. शत्रूकडील टॉकीजही शाबूत राहिले. फक्त एक कलम उरले. पंचमीचे आदले पहाटेस नागव्वाबाई ताक घेवोन तालमीत गेल्या, तों दाराच्या फटीतून दिसले की वस्ताद एकटेच हौद्यात, धोतर खोचोन, एक पाय कमरेइतका उचलोन हवेत लाथ मारू पाहतात, आणि धाडकन पडले, आणि पडल्या जागी आपणच हसत बसले. बाईंनी तांब्या उंबऱ्यावर ठेविला आणि दार लोटले. तांब्या पाहोन वस्ताद काय ते समजले.

हे कलम गाळावे ऐसी वस्तादांची सक्त ताकीद, घालावे ऐसी बाईसाहेबांची आज्ञा. बखरकारास त्याच गल्लीत राहावयाचे आहे, सबब घातले असे.