बर्फीचे केस

मंडळी, कुत्र्याचे केस ही अगदी फालतू गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. एकोणीस वर्षं कारखान्यात मेन्टेनन्स सांभाळलेला माणूस मी! बॉयलरच्या नळ्यांत दगडासारखा बसलेला क्षार मी खरवडून काढलाय. तिथं गालिच्यावरच्या चार केसांची काय कथा! अर्ध्या तासात गालिचा असा करतो, की ज्यानं विणला त्यालाही ओळखू येणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. पुढं गालिचा खरोखरच ओळखू येईना, ते वेगळं.

गालिचा माझा नव्हता, हीच तर गोम होती. तो होता आमच्या समोरच्या नयनाबेनचा.

बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट. एक आमचा, एक नयनाबेनचा. बाई एकट्या राहायच्या. शहाण्णव सालच्या जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा घराची चावी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माधवभाई, फक्त दोन वात सांगते, दोनच गोष्टी. तुळशीला रोज पाणी घालायचं. ने कूतराने घरात नाय आणायचं, हं!"

कूतरो म्हणजे आमची बर्फी. पांढरीशुभ्र पॉमेरेनियन, वय वर्षं तीन. अंगावर केस मेंढीइतके आणि रोज गळणारे त्याच्या दुप्पट. नयनाबेनना कुत्र्याचा स्पर्श झाला तरी अंघोळ करावी लागे. पण माणूस सोन्यासारखा! शालिनीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, टायफॉइड झाला होता, तेव्हा या बाईनं पंधरा दिवस दोन्ही वेळा आमच्याकडे खिचडी-कढी पोचवली होती. त्यामुळे मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "नयनाबेन, बर्फी तुमचा उंबरा बघणारसुद्धा नाही!"

आणि तसंच झालं असतं हो. पण फेब्रुवारीत वर्ल्ड कप आला.

आमच्या तन्मयची त्या वर्षी दहावी. शालिनीनं टीव्हीवर चादर टाकली, चादरीला सुतळी बांधली आणि सुतळीला अशी गाठ मारली, की कारखान्यातले फिटरसुद्धा हात टेकतील. "पोराचं वर्ष आहे. क्रिकेट नाही म्हणजे नाही!" विषय संपला.

आणि समोर नयनाबेनच्या हॉलमध्ये एकवीस इंची रंगीत टीव्ही, केबलसकट, मुका उभा!

मी पहिल्या पाळीवरून तीन वाजता यायचो, चहा प्यायचो आणि म्हणायचो, "जरा तुळशीला पाणी घालून येतो." पहिल्या दिवशी मी एकटाच गेलो. पण बर्फी दाराबाहेर बसून अशी भुंकायला लागली, की सगळा जिना गोळा झाला असता. तेव्हा केवळ गुप्तता राखण्यासाठी, बरं का, मी तिला आत घेतली. सोफ्यावर प्लॅस्टिकची कव्हरं होती, बसलं की ती करकरायची. म्हणून आम्ही दोघं खाली गालिच्यावर. पडदे ओढलेले, आवाज बंद, अंधारात फक्त मी, बर्फी आणि क्रिकेट. चौकार बसला की मी बर्फीला मिठी मारायचो. विकेट गेली की ती गालिच्यावर लोळायची. सेमीफायनल हरलो तेव्हा तर आम्ही दोघंही लोळलो!

"एका तुळशीला दोन दोन तास पाणी?" शालिनीनं एकदा विचारलं.

"अगं, थेंबाथेंबानं घालावं लागतं. मुळं नाजूक असतात."

ती चहाचा कप उचलून आत गेली. मला वाटलं, पटलं!

गुरुवारी अमेरिकेहून फोन आला. नयनाबेन शनिवारी संध्याकाळी येत होत्या.

"मी शनिवारी सकाळी त्यांचं घर झाडून ठेवते," शालिनी म्हणाली.

"छे छे! तू कशाला? मी झाडतो!"

शालिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हिमालयात जातो म्हणालो होतो. पण रजा टाकून शनिवारी सकाळी मी झाडू घेऊन समोर गेलो, महिन्याभरात पहिल्यांदा पडदे उघडले.

गालिचा गडद लाल होता, असं मला आठवत होतं. समोर पसरलं होतं ते काहीतरी पांढरं, लव असलेलं, चार पायांची आठवण करून देणारं! बर्फी दारातून आत आली आणि स्वतःचीच भावंडं भेटल्यासारखी शेपूट हलवायला लागली.

आधी झाडू मारला. केस निघायच्या ऐवजी आत घुसले. खराट्यानं ओढलं, तर ते गालिच्याच्या धाग्यांना मिठी मारून बसले. मग सेलोटेप आणली. एक अख्खं रीळ संपलं तेव्हा वीतभर जागा लाल झाली. गालिचा नऊ फूट बाय सहा फूट! मी हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग मला मांडवीतल्या एका ड्रायक्लीनरची आठवण झाली. शालिनीनं ऐकू नये म्हणून खालच्या पीसीओतून फोन लावला. "हलो, गालिच्यावरचे केस काढून मिळतील का? बर्फीचे केस आहेत."

"शुं? बर्फीना वाळ? केस?"

"हो हो, बर्फीचेच. सगळीकडे झालेत."

मग तो म्हणाला, "साहेब, बर्फी केटली जूनी छे?"

"तीन वर्षांची."

"त्रण वरस!" तो किंचाळला. "अरे साहेब, तीन वर्षांच्या बर्फीला केस येणारच ने! चार दिवसांत बुरशी धरते! फेकून द्या!"

"फेकून देऊ? अहो, माझ्या मुलाचा जीव आहे तिच्यावर! रात्री तिला उशाशी घेऊन झोपतो तो!"

"छोकऱ्याला डॉक्टरकडे न्या," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पीसीओत माझ्यामागे उभे असलेले दोघं जण दोन पावलं मागे सरकले.

आता मात्र माझ्यातला इंजिनियर जागा झाला. कारखान्यात फिल्टर चोंदला की आम्ही काय करतो? उलट्या बाजूनं हवा मारतो! धूळ आली त्या वाटेनं परत जाते. साधं शास्त्र! मी चार खुर्च्या मांडल्या, त्यांच्यावर गालिचा टाकला, खाली टेबलफॅन आडवा ठेवला, तोंड वर केलं आणि बटण थेट तीनवर.

शास्त्र खरं ठरलं. केस निघाले!

पण कारखान्यात ते धुराड्यातून बाहेर जातात, इथं हॉलमध्ये धुराडं नव्हतं. बडोद्यात बर्फ पडलेला कुणी पाहिला नसेल, मी पाहिला. केस पडद्यांवर बसले, सोफ्याच्या प्लॅस्टिकवर बसले, देव्हाऱ्यातल्या ठाकुरजींच्या मुकुटावर बसले. टीव्हीचं काय झालं कोण जाणे, त्याच्या काचेनं ते लोहचुंबकासारखे ओढून घेतले आणि त्याला मिशा फुटल्या! बर्फीला वाटलं हा खेळ आहे. ती खुर्च्यांखालून गोल गोल धावत सुटली आणि गळालेल्या केसांत ताज्या केसांची भर घालत राहिली.

फॅन बंद करून मी घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. फडकं घेऊन पडदे, सोफा, देव, टीव्ही सगळं पुसता पुसता तीन झाले. गालिचा अजून अर्धा पांढराच होता. राहिला एकच उपाय. गच्चीवर नेऊन बडवणं!

तन्मयची बॅट कमरेत खोचली आणि गालिचा गुंडाळून मी डोक्यावर घेतला. दोन्ही टोकं खांद्यांच्या खाली लोंबत होती, समोरचं काही दिसत नव्हतं. पायांनी पायऱ्या चाचपत गच्चीवर पोचलो, हाताला पाण्याच्या टाकीची भिंत लागली, तिच्यावर गालिचा टाकला आणि बॅट घेऊन सुरुवात केली. महिनाभर जे नुसतं बघत होतो ते आता हातानं! हा स्क्वेअर कट! हा पुल! हा स्ट्रेट ड्राइव्ह! वाराही सुरेख होता. केसांचे ढगच्या ढग टाकीच्या पलीकडे उडत होते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

टाकीच्या पलीकडून किंकाळी आली.

मी डोकावलो. पलीकडे सहा साड्या पसरल्या होत्या आणि त्या साड्यांवर सोसायटीतल्या सगळ्या बायकांनी मिळून पहाटेपासून लाटलेले तांदळाचे पापड वाळत होते. चारशे पापड. ओले. आणि प्रत्येक पापडाला दाढी!

या पापडखात्याच्या प्रमुख गंगाबाई. दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, पण शिट्टी खरी बाईंच्या घशात होती. "अगं बायांनो, वर या गं! या माधवनं पापडांना कुत्रं लावलं!"

पाच मिनिटांत गच्ची भरली. लाटणं हातात घेऊनच आलेल्या बायकांसमोर मी बॅट घेऊन उभा होतो. बॅट हळूच खाली ठेवली.

"हे केस कुणाचे?" गंगाबाई.

"बर्फीचे."

"आणि गालिचा?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "गालिचा तो मारो छे."

नयनाबेन जिन्याच्या दारात उभ्या होत्या. संध्याकाळऐवजी दुपारीच रिक्षातून उतरल्या, घर उघडं दिसलं, आत कुणी नाही, वर आरडाओरडा. प्रवासाची पिशवी खांद्यावर तशीच होती. त्यांनी गालिचा पाहिला, पापड पाहिले, माझ्या पायांशी बसलेली बर्फी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगून टाकलं. वर्ल्ड कप, पडदे, तुळशीचं निमित्त, टेबलफॅन, सगळं. ठाकुरजींच्या मुकुटाचंसुद्धा. सांगताना बायका हसत होत्या, नयनाबेन हसत नव्हत्या.

"माधवभाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कूतरो आला त्याचा मला गुस्सो नाय. पण चावी मी तुमच्या हातात दिलेली. मॅच बघायची होती, तर फोन करून सांगायचं ने. मी नाय म्हटलं असतं?"

मंडळी, गंगाबाईंनी लाटण्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. बायकोच्या आजारपणातली ती पंधरा दिवसांची खिचडी आठवली. "चुकलो, नयनाबेन," एवढंच म्हणता आलं.

मग वाकून त्यांनी एक पापड उचलला, उजेडात धरला आणि दाढीकडे बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले. "जय श्रीकृष्ण!" म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की हातातला पापड फाटला. "पण शिक्षा तर थशेच, हं!"

शिक्षा गंगाबाईंनी सुनावली. दुसऱ्या दिवशी पापड पुन्हा लाटायचे, पीठ मी मळायचं आणि वाळेपर्यंत राखण मीच करायची.

दुसरा दिवस म्हणजे रविवार. अंतिम सामना!

गालिच्याचं म्हणाल, तर तो शालिनीनं शनिवारीच साफ केला. भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून घातला आणि गालिच्यावरून एकाच दिशेनं हात फिरवत गेली. केस आपोआप वळकट्या होऊन हातात येत होते! वीस मिनिटांत गालिचा लाल. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

रविवारी दुपारी मी गच्चीवर छत्री घेऊन कावळे हाकत होतो. शालिनी चहा घेऊन वर आली, तेव्हा मी विचारलं, "तुला ही हातमोज्याची युक्ती कुणी सांगितली?"

"सांगायला कशाला हवं? तुमच्या पँटी तीन वर्षं मी अशाच साफ करते. आणि गेला महिनाभर त्यांच्यावर केसांबरोबर लाल धागेही निघत होते. नयनाबेनची तुळस काही लाल नाही."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही घरात नसलात की तन्मयचा अभ्यास फार छान होतो!"

ती खाली गेली. खाली नयनाबेनच्या हॉलमध्ये सगळी सोसायटी जमली होती, गंगाबाईंसकट. एकदम मोठा आरडाओरडा झाला.

"काय झालं? कोण आउट?" मी कठड्यावरून ओरडलो.

खालून गंगाबाईंचा आवाज आला, "माधव, पापड उलटे कर!"

केले. चारशेच्या चारशे.