सरासरीच्या वरचं घर

बापूराव मास्तर कोणाकडे जेवायला बसले, की पहिला घास घेण्याआधी घरच्या बाईंना विचारत, "तुमच्याकडे महिन्याले तेल किती लागते?" बाई गोंधळून काहीतरी सांगत. मास्तर डोळे मिटून हिशेब करत आणि म्हणत, "सरासरीच्या वर आहे तुमचं. वाढा, वाढा. पन वर आहे."

अमरावतीला अंबापेठेत आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लावून होती. हायस्कुलात ते गणित शिकवत, मी मराठी. पंचवार्षिक योजनांचे दिवस होते. वाचनालयात एका सरकारी अहवालात त्यांना देशातलं सरासरी कुटुंब भेटलं. ते धान्य किती खातं, कापड किती नेसतं, साखर किती आणतं, सगळं तिथं मांडलेलं. मास्तर त्या दिवशी घरी आले ते चेहरा पाडून. प्रत्येक रकान्यात आपण वर आहोत, हे त्यांना कळलं होतं. दुसरा एखादा खूश झाला असता. मास्तरांना चोरी पकडल्यासारखं झालं.

"आपून देशाचं खाऊन राहिलो, उमा."

"तुमच्या पगाराचं खाऊन राहिलो," उमाकाकू म्हणाल्या.

पण साखर गेली, गूळ आला. मग गुळाचाही खडा लहान झाला. अंगाचा साबण सणापुरता उरला. पुरणपोळी झाली की पुढं कितीतरी दिवस घरात वरण शिजत नसे. वर चढलेली सरासरी खाली आणायची असे. त्या सरासरी माणसाबद्दल मास्तर असे बोलत, जणू तो त्यांचा व्याही आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. एकदा काकू माझ्यासमोरच म्हणाल्या, "राहते कुठं हा सरासरी मानूस? आना की एकदा जेवाले. त्याच्या बायकोले मले काही इचारायचं आहे."

आम्ही पोट धरून हसलो. सारी गल्ली हसायची. मास्तर हसत नसत.

मग त्यांची एकुलती एक मुलगी कमल पहिल्या बाळंतपणाला अकोल्याहून माहेरी आली. मुलगी झाली. काकूंनी मास्तरांना न विचारता डिंकाचे लाडू केले, तूप कढवलं. एका दुपारी मी वर्तमानपत्र परत करायला गेलो, तेव्हा कमल जेवत होती. काकूंनी तिच्या भातावर दुसरी पळी तूप सोडलं. मास्तर बघत होते. रागानं नव्हे, वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तशा शांतपणे ते म्हणाले, "देशातल्या बाळंतिनीले एवढं तूप भेटत नाही, बाई."

कमलनं ताट सरकवलं. काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"ते देशातली नाही," त्या म्हणाल्या. "ते माही पोरगी आहे."

त्याच आठवड्यात जावई येऊन कमलला आणि बाळाला घेऊन गेले. सोबत काकू गेल्या. "बाळानं बाळसं धरलं की येतो," असं माझ्या बायकोला सांगून गेल्या. आल्या नाहीत.

बायको निघून गेली असं मास्तर कधी म्हणाले नाहीत. "अकोल्याले आहे ते," एवढंच सांगत. स्वतः भाकरी थापत, अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाले, "सारे रकाने खाली आले, भाऊ. सरासरीच्याही खाली. फक्त मानसाइचा रकाना..." आणि उठून आत गेले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी ते माझ्याकडे आले. "अकोल्याले येता का संगं? मले एकट्याले दार उघडतीन का नाही, कोनाले मालूम." चांदूर बाजारला स्वतः जाऊन त्यांनी म्हशीच्या तुपाचा डबा आणला होता. मोटारीत तो मांडीवर घेऊन बसले. देशात असलं तूप किती जणांना मिळतं, हे विचारायचा चावटपणा मला त्या दिवशी सुचला नाही.

दार कमलनं उघडलं. वाकून पायाला हात लावला आणि डब्याकडे पाहिलं.

"तूप आहे घरी, बाबा. वापस घेऊन जा."

डबा उंबऱ्यापाशीच राहिला. काकूंनी पाणी आणलं. मास्तरांच्या गळ्याभोवती सैल झालेली कॉलर त्यांना दिसली असावी.

"खानावळीत जेवता?"

"घरीच करतो."

"हं," म्हणून त्या आत गेल्या.

अंगणात नात दुडदुडत होती. परका माणूस बघून तिनं भोकाड पसरलं. मास्तरांनी तिला उचललं, खांद्यावर घेतलं आणि अंगणात येरझारा घालत काहीतरी गुणगुणू लागले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. बरं गात होते. आतला भांड्यांचा आवाज थांबला. कमलला ते गाणं ठाऊक असणार.

पोर रडता रडता झोपली. बसलो तर जागी होईल म्हणून मास्तर उभेच राहिले. ऊन भिंतीवर चढलं तरी उभेच. शेवटी काकू आल्या आणि त्यांनी हात पुढं केले.

"द्या इकडं. तुमची गाडी चुकन."

मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आणखी एखादं वाक्य येईल, असं त्यांना वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. मग त्यांनी पोरीचं डोकं सांभाळत तिला काकूंच्या खांद्यावर ठेवलं.

डबा मी उचलला. मास्तर मोटार स्टँडकडे चालू लागले. त्यांचा डावा हात सारी वाट छातीशी तसाच वाकवलेला होता.