लँगली निनाद ढोबळे
लँगलीचं बारसं सहाव्या महिन्यात झालं, त्या दिवसापासून त्याचा पाळणा घराच्या दारापासून लांब जाऊ लागला. घर बुधवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरून ते तेवढंच राहिलं. आतल्या खोलीत मात्र गवत उगवलं आणि आठवडाभरात पाळण्यापर्यंत जायला सात मिनिटं लागू लागली.

नाव वैजूताईने शोधलं होतं. ती निनादची थोरली बहीण, म्हणजे बाळाची आत्या. "वर्गात दुसरा कोणी सापडणार नाही," असं म्हणून तिनेच ते बाळाच्या कानात सांगितलं. मोबाइलवर नावाखाली अर्थही दिलेला होता. तो कुणी वाचला नाही.

बाळाला कडेवर घेऊन दाराकडे निघालं की मधलं कुरणही लांबायचं. जाण्यायेण्यात अख्खी दुपार जाऊ लागली तेव्हा बाळाची आई रेवती पाळण्यापाशीच राहिली. निनादने तिला तांदूळ आणि स्टोव्ह नेऊन दिला. परतताना तो तीनदा बसला. पुढच्या खेपेला संध्याकाळपर्यंत चालूनही त्याला पाळणा दिसला नाही. रेवतीचा मोबाइल तोवर बंद पडला होता.

तो नोंदणी कार्यालयात गेला. तिथल्या घोंगडेबाईंनी रजिस्टर उघडलं.

"लँगली," त्यांनी वाचलं. "लँगलीच ना? लिंगली नाही, लँगली?"

"हो."

"जुनं इंग्रजी आहे. आधी गावाचं नाव, मग तिथल्या लोकांचं आडनाव, आता मुलांना ठेवतात. अर्थ, रानातली लांबलचक मोकळी जागा. तक्रार काय आहे?"

"जागा फार लांब झालीय."

"त्याला नावाने हाक मारता?"

"मारणारच. आमचा मुलगा आहे तो."

"दर हाकेला शंभर पावलं वाढतात. मी आत्ता तीनदा उच्चारलं, तेही धरा."

निनादने कपाळावरचा घाम पुसला. "नाव बदलता येईल?"

"येईल की. पण ज्या आत्याने सांगितलं तिनेच समक्ष जाऊन नवं नाव कानात सांगायचं. तोवर जुनं चालू राहील."

निनादने 'समीप' हे नाव लिहून दिलं. त्यावर शिक्का बसला.

वैजूताई दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. खांद्याला पिशवी, त्यात दशम्या आणि पाण्याच्या बाटल्या. दारात तिला रडू फुटलं.

"मी वाचायला हवं होतं रे."

"ताई, नीघ लवकर. आणि रेवतीला आधी सांग, हाक मारू नकोस म्हणावं."

अकराव्या दिवशी तिचा फोन आला.

"रेवती दिसतेय. ठिपक्याएवढी. काल जरा मोठी दिसत होती."

"तू ओरडून सांग तिला!"

"घसा बसला माझा. तिला ऐकू जात नाही. तो रांगायला लागलाय, निनाद. गवतात शिरला की दिसेनासा होतो. मग ती घाबरून हाका मारत सुटते. मी चालते तेवढे ते दोघं पुढे जातात."

"हाक मारल्यावर तो येतो का तिच्याकडे?"

"येतो ना. हसत येतो."

ताई म्हणाली की दशम्या संपल्यात, पण ती परत फिरणार नाही. मग रेंज गेली.

त्यानंतर फोन लागलेला नाही. घोंगडेबाईंनी अर्ज प्रलंबित ठेवला आहे.

ऑफिसातून आला की निनाद आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. वारा तिकडून असला की आधी लांबवरचं गवत वाकतं, मग जवळचं, आणि पुष्कळ वेळाने रेवतीची हाक येते, अगदी बारीक. दोघं आहेत, एवढं त्याला त्यावरून कळतं. शंभर पावलं वाढली, हेही कळतं. तो खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि पुढच्या हाकेसाठी कान देतो.