सपाट रस्त्याची चाचणी

ज्या वस्तूची चाचणी झालेली नाही ती धोकादायक असते, आणि जिची झाली आहे तिचा धोका प्रमाणित असतो. या उदात्त तत्त्वावर चालणाऱ्या एका चाचणी केंद्रात सहा पायांचा यांत्रिक मंच आहे. सहाही पाय एकाच वेळी हवे तसे लांब-आखूड होतात, त्यामुळे वरचा तक्ता सरकतो, कलतो, हादरतो, आणि तेही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकं अचूक. (केंद्राची लिफ्ट मजल्यापासून वीतभर खाली थांबते, पण ती दुसऱ्या खात्याकडे आहे.)

मंच सांभाळणाऱ्या अभियंता बाईंकडे रुग्णवाहिकेतलं नवं स्ट्रेचर आलं. पद्धत साधी होती. रस्ते खात्याने खड्ड्यांचे आकडे द्यायचे, त्याबरहुकूम मंचाने हादरायचं आणि स्ट्रेचर टिकलं की प्रमाणपत्र. खात्याने तत्परतेने आकडे पाठवले. सगळे शून्य होते.

मंच आठ तास निश्चल उभा राहिला. इतका अचूक निश्चल, की पाहुणे टाळ्या वाजवून गेले. स्ट्रेचरवर बांधलेला रबरी रुग्ण शंभर टक्के सुखरूप आढळला.

बाईंना मात्र चैन पडेना. शनिवारी त्यांची आई खुब्याचं ऑपरेशन होऊन याच स्ट्रेचरवरून घरी यायची होती. त्यांनी हादरे मोजायचं यंत्र स्वतःच्या गाडीत ठेवलं, हॉस्पिटलपासून घरापर्यंतचा रस्ता मोजला आणि ते आकडे मंचाला दिले. चौथ्या मिनिटाला पट्ट्याची कडी निखळली आणि रबरी रुग्ण भिंतीशी जाऊन पडला.

संचालक साहेब धावत आले. त्यांनी आधी मंचाच्या पायांची विचारपूस केली.

“हा रस्ता कुठून आणलात, बाई?”

“माझ्या घरासमोरचा आहे, साहेब.”

“असा रस्ता नोंदीतच नाही. नसलेल्या रस्त्यावर स्ट्रेचर मोडलं, यात स्ट्रेचरची काय चूक?”

“आणि माझी आई पडली म्हणजे?”

“काहीतरी अभद्र बोलू नका. प्रमाणपत्र असताना कशा पडतील त्या?”

बाईंनी प्रमाणपत्रावरची सही अडवून धरली. (केंद्रात तत्त्वाला चिकटून राहण्याचा सरासरी काळ दीड दिवस आहे, बाईंनी तीन दिवस काढून विक्रम केला.) पण सही नाही तर रुग्णवाहिका नाही, रुग्णवाहिका नाही तर आई हॉस्पिटलातच. तिला बसवत नव्हतं, त्यामुळे टॅक्सीचा प्रश्नच नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी सही केली. स्वतःचीच त्यांना शिसारी आली, पण शिसारीसाठी प्रमाणपत्रात रकाना नव्हता.

शनिवारी वाटभर त्यांनी ती कडी दोन्ही हातांनी दाबून धरली. बोटं काळीनिळी पडली.

“अगं, सोड की जरा,” आई म्हणाली. “पट्टा लावलाय ना त्यांनी?”

“लावलाय गं आई. तू पडून राहा.”

दारात पोचल्यावर ड्रायव्हरने कागद पुढे केला. आई कण्हत होती, गाडीला पुढची खेप होती. बाईंनी न वाचता सही केली. कागदावर छापलं होतं : ‘रस्ता सपाट होता. रुग्णास कोणताही हादरा बसला नाही. नातेवाइकाची सही.’

रस्ते खातं आपले आकडे मनाने ठरवतं, असा आरोप काही मंडळी करतात. तो निराधार आहे. खात्याकडे अशा सह्यांचे गठ्ठे आहेत, आणि ते कोणालाही दाखवायला खातं तयार आहे. तुमची सही त्यांत सहज सापडेल. त्या दिवशी तुम्ही घाईत होता; पेनसुद्धा ड्रायव्हरचंच होतं.