डेल्बर्टच्या घरची घाण

"मासे काय, कोणीही पाळतं. खरा शौकीन पाळतो ते जिवाणू," असं अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या मत्स्यप्रेमी मंडळात उभं राहून व्हर्लिन हॉगनने जाहीर केलं, आणि डेल्बर्ट कोस्कीकडे मुद्दाम बघत तो खाली बसला. माशांची घाण पचवणारे हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. ते मेले की मासे आपल्याच घाणीच्या विषाने मरतात. म्हणून व्हर्लिन आपले दोन्ही स्पंज पिळायचा तेही टाकीतल्याच पाण्यात.

त्याच वेळी घरी त्याची सासू मार्सेला बाह्या सरसावून सिंकपाशी उभी होती. हिवाळ्यापुरती लेकीकडे आलेली, आणि फुकटचं खायचं नाही हा बाणा.

व्हर्लिन परतला तर ओट्यावर एक स्पंज. पिवळाधमक. लिंबाचा वास येणारा.

"काय चिखल होता रे त्यात," मार्सेला म्हणाली. "कढत पाणी आणि भांड्यांचा साबण. तेव्हा कुठे रंग कळला."

त्या गावात चिडलेला माणूस आभार मानतो. व्हर्लिनने दोनदा मानले. दुसऱ्या स्पंजाचं काय केलंत, हे विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तेव्हा त्याने विचारलं नाही; तोही धुतला गेला असणार. टाकीत म्हातारी ओल्गा, त्याची लाडकी एंजलफिश, संथपणे फिरत होती. एक-दोन दिवसांत ती वर येऊन धापा टाकणार हे त्याला दिसत होतं. जिवंत स्पंज मिळण्यासारखं घर एकच, डेल्बर्टचं.

डेल्बर्टने आधी कॉफी पाजली, मग हवापाण्याचं बोलला, मग आपल्या फिल्टरमधून एक काळाकुट्ट स्पंज काढला.

"देतो. पण पुढच्या बैठकीत उभं राहून सांगायचं, ओल्गा डेल्बर्टच्या घरच्या घाणीवर जगली म्हणून."

"ह्याच शब्दांत?"

"घाण हा शब्द आलाच पाहिजे."

व्हर्लिनने ओल्गाला आठवून मान हलवली, आणि तीनदा आभार मानले.

बाहेर पापण्या गोठत होत्या. स्पंज गोठला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून त्याने तो टाकीच्या पाण्यासकट पिशवीत भरून शर्टाच्या आत पोटाशी धरला. पहिल्याच खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवी फुटली. गाडीपासून दारापर्यंत येताना त्याची विजार पुढून पत्र्यासारखी कडक झाली.

मार्सेलाने विजारीकडे पाहिलं. तीही त्याच मुलखातली, तिने नुसतं पायपुसणं पुढे सरकवलं.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "तो दुसरा स्पंज त्याहून घाण. खाली तळघरात टाकीच्याच पाण्यात भिजत घातलाय. साबण संपला नेमका. तेवढी एक बाटली आणून देतोस का?"