सुधाकररावांचा उभा अक्ष

आमचे साडू सुधाकरराव वर्तमानपत्र वाचायला बसायचे ते पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन. कांद्याच्या भावाचा आलेख छापून आला, की आधी त्याचा उभा अक्ष कुठून सुरू होतो ते बघायचे. तीनशेपासून असला, की खालच्या बातमीवरून, तिच्या खालच्या जाहिरातीवरून रेघ ओढत शून्यापर्यंत न्यायचे. मग पेपर लांब धरून म्हणायचे, "आता बघा. कुठे आहे घसरण?" तिकडे विंचूरला त्याच घसरणीपायी कांद्याच्या शेतकऱ्यांनी रस्ता अडवलेला असायचा.

घरातही तेच. माझ्या मुलीचे गणिताचे मार्क सत्तरवरून एकसष्टवर आले, मी तोंड सोडलं होतं, तर हे मध्ये पडले. "विनायकराव, शून्यापासून बघा. पोरगी आहे तिथेच आहे!" पोरगी त्यांच्यावर जीव टाकायची. माझी बायको म्हणायची, "मंदाचं लग्न आपण फूटपट्टीशी लावलंय." मंदा ही तिची धाकटी बहीण, सुधाकररावांची बायको.

दोन हजार सालच्या आसपास आम्ही दोघं सातपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. मला तिथे चिकटवलं त्यांनीच. चाळिशीत कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला दुसरं कोण घेणार? कंपनी आलेख काढणारी लायब्ररी विकायची, म्हणजे आयता कोड. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी आकडे भरायचे, त्यानं रेघ काढून द्यायची. त्यातला अक्षांचा कोड सगळा सुधाकररावांचा. नऊ फायली, प्रत्येकीत तेच गणित थोडं थोडं वेगळं, आणि प्रत्येकीत एक अट ठाण मांडून: उभा अक्ष शून्यापासूनच. बदलायची सोय नाही. "सोय दिली की माणूस खोटं बोलतो," म्हणायचे.

एकदा पिंपळगावचे एक द्राक्षवाले कागद नाचवत आले. "साहेब, ही रेघ हालतच नाय! स्टोरेजातली ह्युमिडिटी पंच्याण्णववरून पंच्याऐंशीवर आली, देठं वाळून गेली, अन् तुमचा कागद म्हणतो समदं लय झ्याक हाय!"

कंपनीच्या साहेबांनी फर्मान काढलं. अक्षांचा कोड साफ करा, अक्ष आकड्यांप्रमाणे आपोआप बसला पाहिजे. सुधाकररावांनी सरळ नाही म्हटलं. ते मंदाला घेऊन तीन दिवस दवाखान्यात गेले आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

मंदाचं पोटाचं दुखणं तेव्हा वर्षभर चाललं होतं. दर रविवारी ते तिला वजनकाट्यावर उभं करायचे, सोमवारी ऑफिसात तो आकडा भरून आलेख छापायचे आणि घरी कपाटाच्या दाराला चिकटवायचे. आम्ही त्याचीही थट्टा करायचो.

तर मी कोड साफ केला. नऊ फायलींची एक केली, शून्याची अट नऊ ठिकाणांहून उपटली आणि जुन्या फायली उडवल्या. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. आयुष्यात प्रथमच माझं काम पहिल्या फटक्यात चाललं. पिंपळगावची रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली आली, साहेबांनी मला चहा पाजला.

सोमवारी सुधाकरराव आले, आकडा भरला. प्रिंटर करकरायला लागला. मी शाबासकीच्या आशेनं त्यांच्या मागे जाऊन उभा. मंदाची रेघ डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघाली आणि उजवीकडे पार तळाला टेकून संपली. बावन्नपासून एकोणचाळीस.

त्यांनी कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, खिशात ठेवली.

"कोड छान झालाय, विनायकराव. नीटनेटका."

"ती शून्याची अट, पाहिजे तर मी..."

"नको. हेच बरोबर आहे."

बुधवारी मंदानं मला बोलावून घेतलं. सुधाकरराव औषधं आणायला गेले होते. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"भाऊजी, ऑफिसात काय केलंत? ह्यांनी या सोमवारी कागद आणला नाही. ताटावर नुसते बसतात आणि उठतात."

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "माझंच चुकलं. त्यांना तुझ्यापासून लपवायचं असणार, आणि मी मूर्खासारखा..."

"माझ्यापासून?" ती हसली आणि त्या हसण्यानंच तिला धाप लागली. "अहो, काट्यावर मीच उभी राहते ना? आकडासुद्धा मीच वाचून सांगते, त्यांना तेवढ्या खालचं चष्म्यानंही धड दिसत नाही. माझ्यापासून काय लपणार? तो कागद त्यांच्यासाठी असतो. पूर्वीसारखा करून द्या."

"त्यांच्या लक्षात येईल, मंदा."

"येऊ दे. पण द्या."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या स्वच्छ कोडात एक घाणेरडी अट घातली: आलेखाला मंदाचं नाव असेल, तर अक्ष शून्यापासून. साहेबांना बोललो नाही, सुधाकररावांनाही नाही. त्यांनी कोड वाचला असणारच. अट मात्र होती तिथेच राहिली.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी आम्ही नवराबायको त्यांच्याकडे गेलो होतो. सुधाकररावांनी नवा कागद कपाटाला लावला, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. वजन आणखी एक किलो उतरलं होतं.

"बघ मंदा," ते म्हणाले, "जवळजवळ आडवीच आहे की."

"आहेच मुळी. तुम्ही उगाच काळजी करता," मंदा म्हणाली. मग माझ्या बायकोकडे वळून हळूच बोलली, "ताई, आधी ह्यांना वाढ गं. आठवडाभर जेवले नाहीत."