बाणमुक्त मडके

शनिवार, दिनांक १२ एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मौजे कातळशिंगी येथे केरबा कुंभार यांच्या अंगणात नऊ मडकी फुटली. मडकी फोडणारा पृथ्वीराज हा इयत्ता सातवीत शिकत असून गावचे सरपंच नानासो यांचा नातू आहे. फोडण्यासाठी त्याने क्रिकेटचा स्टंप वापरला. कारण विचारले असता त्याने ते लपवले नाही.

"माझं बाण संपल्यात," तो म्हणाला.

येथे थोडा तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. पृथ्वीराज मोबाइलवर जो साहसी खेळ खेळतो, त्याचे आजवर सहा भाग निघाले आहेत. भागागणिक वीराचा पोशाख बदलतो, घोडा बदलतो, राक्षस बदलतो. बाण मात्र प्रत्येक भागात असतातच आणि प्रत्येक भागात ते ऐन वेळी संपतात. संपले की वीराने दिसेल त्या घरात शिरावे, मालकाच्या देखत त्याची मडकी फोडावीत आणि आतून निघतील ते बाण घेऊन चालू लागावे, असा त्या राज्याचा नियम आहे. मालक काही बोलत नाही. केरबा मात्र बोलला.

"आरं लेकरा, मडक्यात बाण कुठनं येतील? मडक्यात पानी आस्तंय."

"मग ह्यात पानी बी न्हाई आन बाण बी न्हाईत. मांडून कशाला ठेवलीत?"

मडकी मांडून ठेवण्याचे कारण सर्व गावाला ठाऊक होते. अक्षय्य तृतीया अठरा दिवसांवर आली होती. घरात दोन-दोन फ्रीज असलेल्या माणसालाही त्या दिवशी पितरांच्या नावाने पाणी भरून ठेवायला मातीची केळी, म्हणजे छोटी घागर, लागते. वर्षातला हाच मोठा सण कुंभाराचा. केरबाची बायको रंगूबाई हिने तर शेजारणीला स्पष्टच सांगितले होते, "ह्यो आवा इकला गेला तर चाक ऱ्हाईल. न्हाई गेला तर आमी इंद्रजितकडं पुण्याला. पोरगं दोन वरसं झाली बोलवतंय." आव्यात भाजून निघालेली मडकी आणि केळी मिळून साडेतीनशे होती. नऊ गेली म्हणून केरबा फार रागावला नाही. खापऱ्या गोळा करून त्याने विषय संपवला होता.

विषय नानासोंनी सुरू केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा भरपाई द्यायला आले असावेत, असा केरबाचा समज झाला.

"केरबा, पोरगं काल रातच्याला जेवलं न्हाई," नानासो म्हणाले. "उन्हातान्हात हितवर आलं, नऊ मडकी फोडली आन हाताला काय लागलं न्हाई. त्येचं मन मोडलं, त्येचं काय?"

"आन आमची मडकी मोडली ती?" रंगूबाईने आतून विचारले.

"मडकं दुसरं करता येतंय वैनी. मन करता येतंय का?"

सोमवारी ग्रामपंचायतीची तातडीची बैठक झाली. केरबाच्या मडक्यांत बाण नव्हते याबद्दल दुमत नव्हते. परंतु बाण नाहीत असे मडक्यावर कोठेही लिहिलेले नव्हते, ही त्रुटी प्रथमच लक्षात आली. लहान मुलांच्या मनात आशा निर्माण करणारी वस्तू इशाऱ्याविना उघड्यावर मांडणे गंभीर असल्याचे ठरले आणि पाच जणांची समिती नेमण्यात आली. मी तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन सांगलीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे मालाची गुणवत्ता तपासली असल्याने तांत्रिक सदस्य म्हणून माझे नाव एकमताने आले. मी ते कर्तव्य म्हणून स्वीकारले.

समितीचा पहिला निर्णय सौम्य होता. प्रत्येक मडक्यावर "यात बाण नाहीत" असे ठळक लिहावे, एवढेच सांगितले. केरबाला लिहिता येते, पण अक्षर मोठे. त्यामुळे लहान केळ्यांवर "यात बाण" एवढेच पुढच्या बाजूला बसले आणि "नाहीत" मागे गेले. दोन दिवस पृथ्वीराजच्या वर्गातली मुले केरबाच्या अंगणाबाहेर रांग लावून उभी होती. समितीने मजकूर एका ओळीत आणून घेतला.

त्यानंतर गिऱ्हाईक बिथरले. बनुबाई दरवर्षी दोन केळ्या घेतात. त्यांनी केळी उचलली, नातीकडून मजकूर वाचून घेतला आणि खाली ठेवली.

"न्हाईत म्हंजे? आदी व्हते व्हय?"

"आवं मावशी, कवाच नव्हते," केरबा म्हणाला.

"मग लिव्हलंस कशापायी? माझ्या घरावर लिव्हलंय का, हितं वाघ न्हाई म्हणून?"

बनुबाईंचा मुद्दा समितीपुढे आला आणि समितीला तो पटला. उत्पादकाने स्वतःच दिलेल्या ग्वाहीवर लोक विश्वास ठेवत नाहीत. ग्वाही त्रयस्थाची हवी. तालुक्याच्या ठिकाणी नव्याने स्थापन झालेल्या मृद्‌भांड सुरक्षा कक्षाला आम्ही पत्र पाठवले. कक्षाला स्थापनेपासून एकही पत्र आले नव्हते, त्यामुळे उत्तर त्याच दिवशी मिळाले. कक्षाच्या प्रमुख संयोगिता मॅडम मंगळवारी स्वतः जीप घेऊन हजर झाल्या.

मॅडम नम्र होत्या. त्यांनी चप्पल काढून अंगणात पाऊल ठेवले, मडक्यांचे कौतुक केले आणि तपासणीची पद्धत विचारली.

"त्यात इचारायचं काय?" रंगूबाई म्हणाली. "मडक्याचं तोंड उघडंच हाय. वाकून बघा. पायजे तर हात घाला. आन पानी भरून बघा, कसं गार ऱ्हातंय."

"ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या, "पण वाकून बघितलं ही नोंद आम्हाला करता येत नाही. या विषयातलं तज्ज्ञ कोणी आहे का गावात?"

गावात एकच होता. पृथ्वीराजला शाळेतून बोलावण्यात आले. त्याच्यासाठी खुर्ची, चहा आणि बिस्किटे आली. केरबा उभा होता.

"बाण मडक्यात दिसतात का?" मॅडमनी विचारले.

"न्हाई मॅडम. फोडल्यावर दिसतात. फोडायच्या आदी कितीबी बघा, मडकं रिकामंच दिसतंय."

ही साक्ष निर्णायक ठरली. बाण हा फोडण्याच्या क्रियेनंतरच दृश्यमान होत असल्याने न फोडता केलेली कोणतीही तपासणी शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक आहे, असा अभिप्राय मी लेखी दिला. आजही मला त्यात चूक सापडत नाही.

"आणि कोणत्या प्रकारचे बाण निघू शकतात?" मॅडमनी पुढे विचारले.

पृथ्वीराजने बोटांवर मोजले. पहिल्या भागात साधा लाकडी बाण. दुसऱ्यात अग्निबाण आला. मग बर्फबाण, वीजबाण, आणि पाचव्या भागापासून सुतळीबॉम्ब लावलेला बाण. "त्यो लय डेंजर," तो म्हणाला. "जवळ उभं ऱ्हायचं न्हाई."

मॅडमनी सर्वांना दहा पावले मागे घेतले. अग्निबाण निघाल्यास काय, असा प्रश्न उभा राहिला. अग्निशामक गाडी मिळण्यासारखी नव्हती. सुदैवाने पिण्याच्या पाण्याचा टँकर खालच्या आळीला निघाला होता. तो वळवून केरबाच्या दारात उभा करण्यात आला. खालच्या आळीच्या बायका हंडे घेऊन मागोमाग आल्या, तेव्हा हे पाणी सुरक्षेसाठी राखीव असल्याचे त्यांना समजावून सांगावे लागले. त्यांना ते समजले नाही, पण तपासणी बघायला त्या थांबल्या.

पद्धतीप्रमाणे शेकडा दहा नग नमुना म्हणून काढले. फोडण्याची अर्हता असलेला इसम पृथ्वीराज हाच होता. चौतीस मडकी फुटली. बाण निघाला नाही. केरबाने कपाळावरचा घाम पुसला.

"झालं न्हवं म्याडम? आता द्या कागद."

"या चौतीस मडक्यांचा देते," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांचं तांत्रिक सदस्यांनी सांगावं. नमुन्यावरून सगळ्या मालाचा निष्कर्ष काढता येतो ना?"

मी सांगितले की येतो, मात्र सगळा माल एकसारखा असला पाहिजे. कारखान्यात एका साच्यातून निघालेले हजार नग म्हणजे एकच नग समजतात. मी केरबाकडे वळलो. त्याला मदत व्हावी हाच माझा हेतू होता.

"केरबा, ही सगळी मडकी एकसारखीच आहेत ना?"

केरबा ताठ झाला. चाळीस वर्षांत त्याला त्याच्या कामाबद्दल पहिल्यांदाच कोणी पंचांसमोर विचारत होते.

"एकसारखी? रावसाहेब, हातानं केल्यात ती! साच्यातली न्हवंत. ह्या साडेतीनशात दोन मडकी सारखी दावा, मी चाक इहिरीत टाकतो."

रंगूबाईने कपाळाला हात लावला. मॅडमनी नोंद घेतली: उत्पादकाच्या स्वतःच्या निवेदनानुसार प्रत्येक मडके स्वतंत्र असल्याने प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी अनिवार्य.

"आरं तसं न्हवं!" केरबा म्हणाला. "सारखी म्हंजे... तशी सारखीच हायत की."

"आधीचं निवेदन पंचांसमक्ष झालंय, काका."

उरलेली मडकी फोडायला सुरुवात झाली. पृथ्वीराजला अधूनमधून पाणी देण्यात येत होते. सुरुवातीला बायका प्रत्येक मडक्याला हळहळत होत्या. शंभर झाल्यावर मोजू लागल्या. दोनशेनंतर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच चर्चा होती की निघाला तर कोणता निघेल. अग्निबाणावर जास्त लोकांचा भरवसा होता. टँकरच्या ड्रायव्हरचे मत बर्फबाणाला होते, कारण ऊन फार होते.

शेवटची एक केळी उरली. ती रंगूबाईने मांडीवर घेऊन वर पदर टाकला होता.

"ताई, ती एक राहिली."

"ही मी घडवलीया. ह्या हातांनी. हिच्यात बाण आसता तर मला कळला नसता व्हय?"

"उत्पादकाच्या नातेवाइकांचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही, ताई."

"मॅडम," पृथ्वीराज हळूच म्हणाला, "बहुतेक शेवटच्याच मडक्यात असतात."

केरबा बायकोजवळ गेला, तिच्या मांडीवरची केळी उचलली आणि पृथ्वीराजसमोर ठेवली. स्टंप वर गेला तेव्हा सगळा गाव पुढे वाकला होता. बनुबाई वाकल्या होत्या, नानासो वाकले होते. मीही वाकलो होतो.

केळी फुटली. आत काही नव्हते. सर्वांनी एकदम उसासा टाकला. तो सुटकेचा होता की निराशेचा, याची नोंद झालेली नाही.

मॅडमनी शब्द पाळला. फुटलेल्या प्रत्येक मडक्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह केरबाला मिळाले. मुदत एक वर्ष. सोबत "आदर्श बाणमुक्त उत्पादक" म्हणून शाल, नारळ आणि आठवण म्हणून एक प्लॅस्टिकची घागरही देण्यात आली. टँकरचे पाणी वापरावे लागले नाही. ते संध्याकाळी परत गेले.

अक्षय्य तृतीयेला पहाटेपासून लोक केरबाच्या दारी आले.

"केळी हाय का?"

"केळी न्हाई," रंगूबाई सांगत होती. "कागद हाय. सरकारी हाय. पितरांना त्याच्यावर पानी वाढा."

लोकांची गैरसोय फार काळ झाली नाही. वडूजच्या बाजारात मातीच्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या केळ्या आल्या होत्या. सर्व एकाच साच्यातल्या असल्याने एकच नग फोडून सगळ्यांना शिक्का मिळाला होता. प्रत्येकीवर हिरवे लेबल होते: "शंभर टक्के बाणमुक्त". बनुबाईंनी लेबल नातीकडून वाचून घेतले आणि दोन उचलल्या. या वेळी त्यांनी काही विचारले नाही. मी तीन घेतल्या. लेबल नसलेल्याही होत्या, परंतु उगाच धोका कशाला पत्करायचा?

पृथ्वीराजला मी मध्यंतरी बाणांविषयी विचारले. त्याने मोबाइलवरून नजर काढली नाही.

"आता सातवा भाग आलाय. त्यात मडकीच न्हाईत. बाण संपलं की आज्याच्या खात्यावरनं इकत घ्यायचं."

आपण हे वाचून हसला असाल. हरकत नाही. आपल्या स्वयंपाकघरातली तेलाची पिशवी एकदा उलटी करून पाहा. तीत कोलेस्टेरॉल नाही असे ठळक लिहिलेले असेल. शेंगदाण्यात ते कधीच नव्हते. तरीही आपण दुकानात उभे राहून तेवढेच वाचले आणि ज्या पिशवीवर तसे लिहिलेले नव्हते ती परत फळीवर ठेवली. ती पिशवी कोणाच्या घाण्यातून आली होती, हे विचारण्याची पद्धत नाही. रंगूबाईने पाणी गार राहते असे समितीला तीन वेळा सांगितले होते. ते इतिवृत्तात आलेले नाही, कारण त्याविषयी कोणाची तक्रार नव्हती.

केरबा आणि रंगूबाई मे महिन्यात पुण्याला गेली. इंद्रजितच्या सोसायटीत केरबाला फाटकावर काम मिळाले असून येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो उघडून बघतो. त्याचे चाक नानासोंनी मागून घेतले. ते त्यांच्या बंगल्यासमोर हिरवळीवर बसवले आहे, भोवती दिव्यांची माळ आहे आणि पाहुणे तेथे उभे राहून फोटो काढतात.

मौजे कातळशिंगी येथे आजमितीस फिरणारी चाके : शून्य.